शंकेचा खाडा

मोटारी बनवणाऱ्या आधुनिक कारखान्यात असेंब्ली लाईनच्या बाजूला एक दोरी किंवा बटण असतं. त्याला अँडॉन म्हणतात. जपानच्या टोयोटा कंपनीने रूढ केलेली ही पद्धत जगभर पसरली, आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या वाहन कामगाराला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एखादा नट नीट बसला नाही अशी नुसती शंका आली, तरी लाईनवरच्या माणसाने दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर येतो, बघतो. नट ठीक निघाला तर लाईन पुढे सरकते, आणि दोरी का ओढलीस म्हणून जाब विचारायचा नसतो. कारण एकदा विचारला की पुढच्या वेळी नट खरोखर सैल असला तरी हात दोरीकडे जाणार नाही. आता अशाच एखाद्या कामगाराला रात्रपाळीत, पहाटे चारच्या सुमाराला, छातीत मधोमध दाबल्यासारखं होतं आणि दरदरून घाम फुटतो असं समजा. तो पाणी पितो. शेजारच्याला म्हणतो, ‘मेसचं तेलकट बाधलं बहुतेक.’ कुणाच्या तरी खिशातली ॲसिडिटीची गोळी चघळतो, टेकून उभा राहतो, पाळी सुटेपर्यंत तग धरतो आणि कंपनीच्या बसने खोलीवर जाऊन आडवा होतो. नटाबद्दलची शंका बोलून दाखवायची त्याला मुभा होती. छातीबद्दलची शंका त्याने अंगावर काढली.

असं अंगावर काढण्यात किती वेळ जातो, याचं मोजमाप आपल्याकडे झालेलं आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतून २० हजारांहून अधिक हृदयरुग्णांची नोंद केली. ‘क्रिएट’ या नावाने ओळखली जाणारी ही पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं निघाला. म्हणजे निम्मे रुग्ण सहा तासांच्या आत पोचले आणि निम्मे त्याच्याही नंतर. पोचल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला लागलेला मध्यक वेळ होता ५० मिनिटं. दाराबाहेर सहा तास, दाराच्या आत तासाभराहून कमी. बाहेरच्या सहा तासांत वाहन शोधणं आलं, रस्ता आला, आधी भलत्याच दवाखान्यात जाणंही आलं. तरी देशोदेशींच्या अभ्यासांत या वेळाचा मोठा वाटा ‘निघायचं की नाही’ हे ठरवण्यातच गेलेला दिसतो. हा वाटा निव्वळ अडाणीपणाचा असतो, हा समज अपुरा आहे. दुखणारा माणूस मनाशी एक हिशोब मांडत असतो: गेलो आणि काहीच निघालं नाही तर? आणि या पट्ट्यात ‘काहीच न निघण्या’ची किंमत आपण इतकी चढी ठेवली आहे की थांबणंच त्याला शहाणपणाचं वाटतं.

थांबण्याची किंमत मात्र त्या हिशोबात धरलेली नसते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या आतल्या अंगाला मेदाचा थर साचलेला असतो. तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा प्रवाह तुंबतो. पुढचा स्नायू लगेच मरत नाही. रायमर आणि जेनिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की हे मरण हृदयाच्या आतल्या थरापासून सुरू होतं आणि लाटेसारखं बाहेरच्या थराकडे सरकतं. चाळीसएक मिनिटांत आतला थर हातचा जाऊ लागतो, आणि सहा तासांनंतर वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. माणसांतही चित्र हेच आहे. इटलीत जवळजवळ १२ हजार रुग्णांवर झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गिस्सी’ चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज हे औषध त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात मिळालेल्या रुग्णांचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर घट १८ टक्क्यांवर आली. १९९६ साली अशा २२ चाचण्यांचा एकत्रित हिशोब मांडला गेला. पहिल्या तासात औषध दिल्यास दर हजार रुग्णांमागे ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७ आणि तिसऱ्या तासात २६. औषध तेच, मात्रा तीच. ‘जरा पडून बघतो’ म्हणून गेलेल्या एका तासाची किंमत ही एवढी आहे. शिवाय याच सुरुवातीच्या काळात हृदयाचा ठोका एकाएकी भरकटून माणूस कोसळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि त्या वेळी विजेचा झटका देणारं यंत्र हाताशी नसेल तर वाचण्याची शक्यता फार कमी उरते.

हा प्रश्न म्हाताऱ्यांचा म्हणून बाजूला ठेवण्याची सोयही आपल्याला नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मध्यक वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत ते जवळपास ५९ होतं. म्हणजे आपल्याकडे हा आजार लाईनवर उभ्या असलेल्या, घराचे हप्ते फेडत असलेल्या वयात गाठतो. पाळ्यांमधल्या कामाचा वाटा वेगळाच. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या, वीस लाख लोकांची माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणात पाळीत काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त आढळलं. रात्रपाळी आणि दिवसपाळी यांच्या फेऱ्यावर ज्या गावांची घड्याळं चालतात, तिथे हे आकडे कागदावर ठेवून भागणारं नाही.

आता दुखणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करू. त्याला वाटणारी शंका खरोखरच शंका असते, हे आधी मान्य करायला हवं. हृदयाकडून निघणाऱ्या नसा आणि अन्ननलिका, छातीची भिंत, डावा हात इथून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच मजल्यावर येऊन मिळतात. मेंदूला फक्त ‘त्या मजल्यावरून’ तक्रार आल्याचं कळतं, नेमकी कुठल्या खोलीतून आली ते कळत नाही. म्हणून झटक्याचं दुखणं कधी जळजळीसारखं वाटतं, कधी खांद्यात भरून येतं, कधी जबड्यात किंवा पाठीत. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर मळमळ आणि उलटी होते, आणि माणूस प्रामाणिकपणे पित्ताला दोष देतो. ढेकर आल्यावर किंवा सोडा प्यायल्यावर थोडं बरं वाटलं, म्हणजे हृदय सुटलं असं नसतं. मधुमेही माणसाच्या नसा आधीच बोथट झालेल्या असू शकतात, त्यामुळे त्याला दुखण्याऐवजी नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं होतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात दर चार झटक्यांमागे एकाहून अधिक झटका त्या वेळी ओळखलाच गेला नव्हता. पुढे कधीतरी ईसीजीवर त्याची खूण सापडली. याउलट आपल्या मनातलं चित्र सिनेमाने रंगवलेलं आहे: नायकाचा बाप टेलिफोनवर बातमी ऐकतो, छातीला हात लावतो आणि कोसळतो. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात २००० साली असं दिसलं, की ज्यांचा त्रास मनातल्या चित्राशी जुळला नाही ते जास्त उशिरा पोचले. आपण कोसळलेलो नाही, म्हणजे हा झटका नाही, असा सरळ निष्कर्ष ते काढत होते.

यावर पहिलं उत्तर सुचतं ते जनजागृतीचं. पोस्टर लावा, लक्षणं पाठ करून घ्या, शिबिरं भरवा. या उत्तराची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. ‘रिॲक्ट’ या प्रयोगात २० शहरांच्या जोड्या लावल्या. निम्म्या शहरांत १८ महिने प्रसारमाध्यमं, सभा, डॉक्टर, पत्रकं अशा सगळ्या वाटांनी छातीतल्या दुखण्याबद्दल प्रचार केला आणि उरलेली शहरं तशीच ठेवली. २००० साली निष्कर्ष आले. प्रचार झालेल्या शहरांत रुग्णवाहिका बोलावण्याचं प्रमाण वाढलं, पण घरून निघायला लागणारा वेळ इतर शहरांच्या तुलनेत कमी झाला नाही. याहून बोलकी गोष्ट अशी, की एकदा झटका येऊन गेलेला माणूस दुसऱ्या वेळी हमखास लवकर पोचतो असंही अनेक अभ्यासांत दिसलेलं नाही. त्याच्याइतकी माहिती कुणाला असणार? कुणी म्हणेल की अमेरिकेत मुळात लोकांना माहिती होतीच, आपल्याकडे ती नाही, म्हणून आपल्याकडे प्रचाराचा उपयोग होईल. यात तथ्य आहे. माहिती हवीच, ती देणं सोडून चालणार नाही. पण माहितीने फक्त शंका जागी होते. जागी झालेली शंका माणसाला दारापर्यंत घेऊन जाईल की नाही, हे त्या दारापर्यंतच्या वाटेत काय काय मोजावं लागतं यावर ठरतं.

काय मोजावं लागतं, ते जवळून पाहू. कंत्राटी कामगाराचा पगार हजेरीवर असतो. पाळीच्या मध्येच निघायचं तर आधी सुपरवायझरला सांगायचं, त्याने जागेवर उभं करायला रिलीव्हर शोधायचा, मग गेटपासवर सही घ्यायची आणि फाटकावर सिक्युरिटीला पुन्हा कारण सांगायचं. चार ठिकाणी कारण सांगायचं आणि कारण काय, तर ‘छातीत कसंतरीच होतंय.’ अनेक ठिकाणी महिनाभर खाडा न केल्याबद्दल हजेरीचा बोनस असतो, तो एका दिवसाने बुडतो. त्याहून मोठी भीती म्हणजे ठेकेदाराच्या मनात नाव ‘सारखा आजारी पडणारा’ म्हणून बसण्याची. पुढच्या खेपेला यादीतून गळायला तेवढं पुरतं. याच शॉपमध्ये प्रेसखाली कुणाचं बोट सापडलं तर क्षणात मशीन थांबतं, चार जण धावतात, गाडी निघते, गेटपास कुणी मागत नाही. रक्त दिसतं, त्याला पुरावा लागत नाही. छातीतल्या दुखण्याला पुरावा हवा असतो, आणि तो पुरावा रुग्णालयात गेल्याशिवाय मिळत नाही. ही अडचण या पट्ट्यातल्या खोल्यांमध्ये आणखी घट्ट होते. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तरेतून आलेली माणसं तिघं-चौघं मिळून राहतात. रात्रपाळी करून आलेला झोपलेला असतो, तेव्हा बाकीचे कामावर असतात. घरच्यांना फोन करावा तर ‘उगाच घाबरतील’ म्हणून तोही टाळला जातो.

पण विमा आहे ना, योजना आहेत ना, असं विचारता येईल. आहेत, आणि चांगल्या आहेत. नेमक्या याच ठिकाणी त्यांची रचना बघण्यासारखी आहे. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ज्याला सगळे ईएसआय म्हणतात त्यात, २०१७पासून मासिक २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार येतो. चिंचवडच्या मोहननगरात या योजनेचं रुग्णालय आहे. आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सर्वसाधारणपणे मिळत नाही. नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे, कारण किरकोळ सर्दीपडशासाठी भत्ता द्यायचा नाही. परिणाम मात्र असा, की ज्याचा झटका खरा निघाला त्याला आधार आहे, आणि ज्याची शंका खोटी निघाली त्याचा एक दिवस पूर्ण त्याच्या खिशातून गेला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी मोफत होऊ शकते, पण ती योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. तपासून घरी पाठवलेल्यासाठी नाही. खासगी मेडिक्लेमही बहुधा दाखल झाल्यावरच जागा होतो. तिन्ही व्यवस्था आजाराचा विमा उतरवतात, शंकेचा विमा कुणीच उतरवत नाही. आणि पहिल्या तासात माणसाच्या हातात शंकेशिवाय दुसरं काही नसतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. पैशाचा प्रश्न नाही ते लोक तरी कुठे वेळेवर जातात? प्राधिकरणातल्या बंगल्यात आणि वाकडच्या टॉवरमध्येही माणसं पहाटेपर्यंत उशीला टेकून बसतात. खरं आहे, आणि त्यातून एवढंच कळतं की किंमत नेहमी रुपयांत नसते. रुग्णवाहिका सोसायटीत शिरली की गॅलऱ्या भरतात. दुसऱ्या दिवशी ‘गॅसेस होते’ असं लिफ्टमध्ये सांगत फिरावं लागतं. वरच्या हुद्द्यावरच्या माणसाला आपण दुबळे ठरू अशी धास्ती असते. घरातल्या बाईची किंमत आणखी वेगळी. तिला गेटपास लागत नाही, पण तिला रिलीव्हरही नसतो. सकाळचा डबा, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं यांतून ‘मला बरं वाटत नाहीये’ हे वाक्य बाहेर पडायलाच दुपार होते. बायकांमध्येही छातीत दुखणं हेच सर्वांत नेहमीचं लक्षण आहे, पण त्याबरोबर दम लागणं, पाठ किंवा जबडा दुखणं, विलक्षण थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. त्यावर घरातलं ठरलेलं उत्तर असतं, ‘दगदग झाली असेल.’ कामगार, साहेब आणि गृहिणी तिघंही एकाच प्रश्नाशी अडतात: उगाच गेलो असं ठरलं तर लोक काय म्हणतील, आणि गेलेलं कोण भरून देईल.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी अडकलेला माणूस म्हणेल की निर्णयाचं राहू द्या, आधी ही कोंडी सोडवा. पुणे-नाशिक महामार्गावरून मोशी, भोसरी ओलांडत पिंपरीतल्या संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या वायसीएममध्ये, पोचायचं तर अंतर वीसएक किलोमीटर आहे आणि वेळ नशिबावर. कोंडी सुटली पाहिजे यात वाद नाही. पण रस्ता वाईट असेल तर निर्णय लवकर व्हायला हवा. दोन तास विचार करून मग तासभर कोंडीत अडकणाऱ्याचे तीन तास गेले, त्यातले दोन रस्त्याने खाल्लेले नाहीत. शिवाय पहिलं पाऊल वीस किलोमीटरचं असायला हवं असंही नाही. ईसीजी काढणारं जवळचं केंद्र हे पहिलं ठिकाण. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याची खोली, लागत नाही, त्याची सोय असलेल्या लहान रुग्णालयातही ते देता येतं, आणि मोठ्या रुग्णालयाचा प्रवास त्यानंतर करता येतो. वाहनाबद्दलही तेच. ‘क्रिएट’मधल्या रुग्णांपैकी रुग्णवाहिकेने आलेले शंभरात जेमतेम पाच-सहा होते. महाराष्ट्रात २०१४च्या प्रजासत्ताक दिनापासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. ती सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या आणि गाडीत डॉक्टर असेल अशी तिची रचना होती. तरी या पट्ट्यात छातीत दुखणारा माणूस दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसून जातो, कधी तर स्वतःच चालवत. वाटेत ठोका भरकटला तर हँडल धरणारे हात काहीच करू शकत नाहीत.

तिसरा अडसर बोलून दाखवला जात नाही, पण तो खोल आहे: एकदा आत गेलो की स्टेंट टाकूनच बाहेर काढतील. ही भीती हवेतून आलेली नाही. डॉक्टरांमधल्या ‘कट प्रॅक्टिस’ला, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याला, आळा घालण्यासाठी कायद्याचा मसुदा करायला राज्य सरकारने २०१७ साली समिती नेमली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींना लगाम घातला. औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली. त्याआधी तो लाखाच्या घरात विकला जात होता. तेव्हा संशय घेणाऱ्याला मूर्ख म्हणता येणार नाही. पण संशय नेमका कुठे घ्यायचा हे ठरवता येतं. ईसीजी म्हणजे हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा बोंडं, थोडी जेली, आणि पाच मिनिटांत गुलाबी चौकटींच्या कागदावर उमटलेल्या बारा रेघा. त्यासाठी शरीरात काही घालत नाहीत आणि खर्च काही शे रुपयांच्या आत भागतो, सरकारी रुग्णालयात त्याहूनही कमी. तो कागद मोबाईलवर फोटो काढून दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो. स्टेंटबद्दल वाद घालायला नंतर वेळ मिळेल. ईसीजी काढायच्या आधीच भांडण मांडलं, तर ते आपल्याच स्नायूशी होतं.

आणि शेवटचा आक्षेप व्यवस्थापनाचा आणि रुग्णालयांचा एकच आहे: उद्या पित्त झालेला प्रत्येक जण उठून येईल, काम चुकवायला निमित्त सापडेल, कॅज्युअल्टी भरून जाईल. गर्दी वाढेल हे खरं. पण छातीत दुखतं म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांना झटका नसतो, ही जगातल्या सगळ्याच आपत्कालीन विभागांची रोजची स्थिती आहे. तसं असणं हे त्या विभागाचं अपयश नाही, त्याचं काम आहे. पहिला ईसीजी चांगला आला तरी लगेच सुटका करता येत नाही, काही वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासावं लागतं. तरीही एका माणसाचे काही तास जातात, इतकंच. कामचुकारांचं म्हणाल तर दर महिन्याला चिमटे लावून घ्यायला जाणारा माणूस फार दिवस लपत नाही. आणि एका नटाच्या शंकेपायी लाईन थांबवणं ज्यांना परवडतं, त्यांना एका माणसाच्या शंकेपायी एक जागा अर्धा दिवस दुसऱ्याने चालवणं परवडायला हवं.

तेव्हा उपाय शंका स्वस्त करण्याचा आहे, आणि तो अवाढव्य नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष सक्तीचा केला होता. मोठ्या कंपनीच्या अशा कक्षात ईसीजी यंत्र आणि ते वापरणारा माणूस तिन्ही पाळ्यांत ठेवणं अवघड नाही. अडतो तो भोसरी, तळवडे, चिखलीतला वीस-तीस माणसांचा वर्कशॉप, जिथे सगळी भिस्त त्या पेटीवर आहे, आणि पेटीत पट्ट्या आणि मलम आहे, कारण ती दिसणाऱ्या जखमेसाठी बनलेली आहे. तिथे दहा-वीस वर्कशॉपना मिळून एक ईसीजीची जागा ठरवता येईल. कागद दूरच्या तज्ज्ञाने वाचायचा, ही पद्धत सिद्ध झालेली आहे. तामिळनाडूत लहान रुग्णालयं मोठ्यांना जोडून असं जाळं उभारलं, तेव्हा २४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातलं मृत्यूचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. त्याच्या जोडीला एक साधा नियम हवा: छातीतल्या दुखण्यासाठी पाळीतून निघालेल्याचा खाडा धरायचा नाही, मग कागदावर काहीही निघो. ईएसआयच्या प्रतीक्षेच्या दोन दिवसांतून छातीच्या दुखण्याचा पहिला दिवस वगळता आला, तर शंकेलाही थोडा विमा मिळेल. कायदा बदलायची वाट न पाहता ठेकेदाराच्या करारात एक ओळ घालूनही हे साधता येतं.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर निर्णयाची जागा बदलणं कुणाच्याही हातात आहे. अँडॉनमध्ये कामगार दोरी ओढतो, पण पुढे काय करायचं ते टीम लीडर ठरवतो, कारण हात कामात असलेल्या माणसाकडून थंड डोक्याने निवाडा होणार नाही हे त्या पद्धतीने धरलेलं आहे. ज्याची छाती दुखते आहे, तो तर आपल्या पगाराचा, घराचा आणि अब्रूचा हिशोब एकदमच करत असतो. त्याच्याकडून खरं उत्तर निघणार नाही. छातीत मधोमध दाब, घाम, दम, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ यांतलं काही सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, की ठरवायचं काम शेजारच्या मशीनवरच्याने, रूम पार्टनरने, बायकोने, मुलाने आपल्याकडे घ्यावं आणि १०८ लावावा. कारण शोधत बसू नये, मिनिटं मोजावीत. आणि ‘जायचं का?’ असं त्याला विचारू नये. तो ‘नको’च म्हणणार आहे.